स्क्रिप्ट, गोदाम आणि बाबांचा माग

सेमिस्टर सुरू झालं की आपल्या हॉस्टेलमध्ये तीन रांगा लागतात. पहिली मेसच्या कूपनची, दुसरी सकाळी आंघोळीची आणि तिसरी आमच्या खोलीसमोर, लॅपटॉप बगलेत मारून. "भाऊ, जरा पायथन टाकून दे ना." "अरे, तुझ्या एडिटरमध्ये कोड कसा रंगीत दिसतो, माझ्याकडे सगळं पांढरंच." "दादा, लॅबमध्ये चाललेला प्रोग्रॅम माझ्याकडे का चालत नाही?"

गेल्या वर्षी असे अकरा लॅपटॉप एका आठवड्यात आले. प्रत्येकावर कामं तीच. कंपायलर टाका, पायथन टाका, लायब्ररी टाका, एडिटर टाका, एडिटरची एक्स्टेन्शन्स टाका, सेटिंग बदला, मग एक छोटा प्रोग्रॅम चालवून दाखवा. एकाला चाळीस मिनिटं. अकरा गुणिले चाळीस म्हणजे सात तास वीस मिनिटं, आणि तेवढ्यात मिळाले काय? दोन वडापाव आणि एक 'थँक्स यार'. बाराव्याच्या आधीच मी हात टेकले आणि एक स्क्रिप्ट लिहिली.

ही स्क्रिप्ट कशी लिहावी आणि कशी लिहू नये, हे सांगण्यासाठी हा लेख. 'कशी लिहू नये' हा भाग मी दुसऱ्याच्या नुकसानीतून शिकलो. तेही लपवणार नाही.

एक सूचना. आपल्या मराठी विभागात रोमन अक्षरं छापत नाहीत. म्हणून आज्ञा आपण लॅबमध्ये जशा तोंडी सांगतो तशाच लिहिल्या आहेत. टाइप अर्थात रोमनमध्येच करायच्या. अचूक स्पेलिंग हवं असेल तर खोलीवर या. चहा तुमचा.

स्क्रिप्ट म्हणजे काय?

माझं घर भिवंडीचं. भिवंडी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात : यंत्रमाग आणि गोदामं. (तिसरी गोष्ट ट्रॅफिक, पण ती सोडून देऊ.) गंमत म्हणजे आजचा अख्खा विषय या दोन गोष्टींतच बसतो.

माझे बाबा जॉबर आहेत. जॉबर म्हणजे कारखान्यात मागांची जोडणी-दुरुस्ती करणारा माणूस. त्यांच्या कारखान्यात बारा माग. आठ साधे, चारांवर डॉबी बसवलेली. साध्या मागावर साधं कापड निघतं : ताण्याचे उभे धागे एकाआड एक वर-खाली होतात आणि मधून बाण्याचा आडवा धागा घेऊन धोटा पळतो. पण कापडात बारीक नक्षी हवी असेल तर कोणत्या फेरीला कोणते धागे उचलायचे, हे मागाला सांगावं लागतं. ते काम डॉबी करते. तिच्यावर लाकडी पट्ट्यांची एक साखळी असते आणि पट्टीत भोकं. ज्या भोकात खुंटी ठोकली त्याची चौकट वर उचलली जाते, जिथे खुंटी नाही ती खाली राहते. साखळी फिरत राहते, नक्षी आपोआप उमटत राहते. नक्षी बदलायची? माग बदलायचा नाही, खुंट्या बदलायच्या.

झालं, हीच स्क्रिप्ट! खुंटी आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा तासन् तास त्या साखळीकडे बघत बसायचो. कॉम्प्युटरशी तिचा काही संबंध असेल हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. पुढे लायब्ररीत वाचलं की फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास मागाला भोकं पाडलेल्या कार्डांची माळ लावली, तीच कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. म्हणजे आपली ब्रँच मूळची कापडाच्या कारखान्यातली. मेकॅनिकलवाल्यांनी हे वाचून फार खूश होऊ नये.

तर स्क्रिप्ट म्हणजे एवढंच : टर्मिनलमध्ये ज्या आज्ञा तुम्ही एकामागून एक हाताने टाइप करता, त्याच एका फाइलमध्ये त्याच क्रमाने लिहून ठेवायच्या आणि बॅशला सांगायचं, "वरपासून खालपर्यंत वाच आणि कर." जादू काही नाही. जे काम तुम्हाला हाताने जमत नाही ते स्क्रिप्टनेही जमत नाही. म्हणून पहिला धडा : काम आधी एकदा हाताने करा, प्रत्येक आज्ञा वहीत लिहा, मग ती वही म्हणजेच स्क्रिप्ट.

पॅकेज मॅनेजर म्हणजे गोदाम

आता दुसरी गोष्ट. मुंबई-नाशिक महामार्गावरून भिवंडीकडे वळलात की माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या गावांत दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. मुंबईत जकात होती (ती १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली), जागा महाग होती, म्हणून माल शहराबाहेर उतरवून ठेवायची पद्धत पडली, आणि आज तुम्ही हॉस्टेलच्या पत्त्यावर मागवलेला मोबाइलचा कव्हरसुद्धा बहुधा तिथूनच निघतो.

गोदामाचं काम कसं चालतं? मालाची यादी असते. ऑर्डर आली की यादीत बघायचं, माल कुठल्या रॅकवर आहे ते काढायचं, त्याच्याबरोबर आणखी काय जायला हवं ते बघायचं, सील तपासायचं आणि गाडी भरायची. एपीटी, डीएनएफ, पिप, एनपीएम हे सगळे पॅकेज मॅनेजर अगदी हेच करतात. फरक इतकाच की त्यांच्या गोदामाला रिपॉझिटरी म्हणतात.

उबुंटू किंवा डेबियनवर आपण दोन आज्ञा नेहमी देतो : 'एपीटी अपडेट' आणि 'एपीटी इन्स्टॉल'. निम्म्या मुलांना वाटतं की अपडेट केलं म्हणजे सॉफ्टवेअर नवं झालं. नाही! अपडेट म्हणजे गोदामातून फक्त मालाची ताजी यादी आणणं. माल येतो तो इन्स्टॉल किंवा अपग्रेड केल्यावर. यादी जुनी असेल तर तुम्ही मागितलेला माल त्या रॅकवर सापडत नाही आणि '४०४ नॉट फाउंड' येतं. मग आपण नेटला शिव्या देतो.

एक पॅकेज मागितलं की सतरा येतात, त्याला डिपेन्डन्सी म्हणतात. माग मागवला तर मोटर, पट्टा, धोटा सगळंच लागणार ना, तसं. हा हिशेब पूर्वी माणसाला करावा लागायचा. डेबियनच्या १९९९ सालच्या २.१ आवृत्तीबरोबर एपीटी आलं आणि हा हिशेब मशीन करू लागलं. सील तपासण्याचं कामही तेच करतं : रिपॉझिटरीच्या यादीवर डिजिटल सही असते, सही जुळली नाही तर एपीटी माल आत घेत नाही. म्हणून ती सही तपासू नको असं सांगणारी आज्ञा कुठे लिहिलेली दिसली, तर आधी 'का?' विचारा.

स्क्रिप्टमध्ये लिहिताना 'एपीटी'ऐवजी 'एपीटी-गेट' लिहा. एपीटी ही माणसांसाठीची आज्ञा आहे, तिची भाषा पुढच्या आवृत्तीत बदलू शकते, आणि हे ती स्वतःच इशाऱ्यात सांगते. 'डॅश वाय' लावलं की 'हो की नाही' हा प्रश्न विचारत नाही. आणि 'डॅश एस' लावलं तर खरं काही न करता नुसतं काय काय करणार ते दाखवते. आधी एस, मग वाय. हा क्रम मोडू नका.

विंडोजवाल्यांनी नाराज होऊ नये. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंगेटची १.० आवृत्ती काढली. 'विंगेट एक्स्पोर्ट' म्हटलं की तुमच्या मशीनवरच्या सॉफ्टवेअरची यादी एका फाइलमध्ये मिळते, दुसऱ्या मशीनवर 'विंगेट इम्पोर्ट' म्हटलं की ती यादी वाचून माल येतो. विंगेटच्या गोदामात जे नाही ते यादीत येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

पायथनच्या मंडळींसाठी आणखी एक. डेबियन १२ (२०२३) पासून सरळ 'पिप इन्स्टॉल' केलं तर मशीन नकार देतं. मग पोरं कुठून तरी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय शोधून आणतात आणि ठोकून देतात. अरे, नावातच लिहिलंय ना, ब्रेक! सिस्टिमचं पायथन हे रेक्टर सरांच्या कपाटासारखं आहे, त्यात आपले कपडे कोंबायचे नाहीत. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं 'व्हेन्व्ह' करा, त्यात पिप चालवा, आणि शेवटी 'पिप फ्रीझ' करून कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती आहे ती यादी फाइलमध्ये ठेवा. 'लॅबमध्ये चालतं, माझ्याकडे नाही' या रोगावर निम्मं औषध ही यादी आहे.

एडिटरची कामं

एडिटर लावण्यातही अर्धा तास सहज जातो, कारण माउसने क्लिक करत बसतो. व्हीएस कोडला टर्मिनलमधून बोलता येतं हे पुष्कळांना माहीत नसतं. 'कोड डॅश डॅश लिस्ट एक्स्टेन्शन्स' म्हटलं की तुमची सगळी एक्स्टेन्शन्स ओळीने येतात. ती एका फाइलमध्ये साठवा. दुसऱ्या मशीनवर त्या फाइलची एकेक ओळ वाचून 'कोड डॅश डॅश इन्स्टॉल एक्स्टेन्शन' म्हणणारा चार ओळींचा लूप लिहा. फॉन्ट, टॅब किती जागांचा, फाइल सेव्ह करताना कोड आपोआप नीटनेटका व्हावा की नाही, हे सगळं 'सेटिंग्ज डॉट जेसन' या एका साध्या फाइलमध्ये असतं. ती फाइल कॉपी करणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये टाकली की काम झालं. आमच्या मजल्यावर सगळ्यांचा टॅब चार जागांचा झाला आणि ग्रुप प्रोजेक्टमधलं एक जुनं भांडण मिटलं.

विमवाल्यांकडे याहून सोपी युक्ती आहे. 'क्यू' आणि 'ए' दाबा, जे काय करायचं ते एका ओळीवर करा, पुन्हा 'क्यू' दाबा. तुमच्या बोटांची हालचाल 'ए' नावाने नोंदली गेली. आता 'ॲट ए' म्हटलं की तीच हालचाल पुन्हा. आमच्या वर्गाची ७२ नावांची यादी अवतरणचिन्हांत घालायची होती. एका ओळीवर केलं, खालच्या ओळीवर उतरलो, आणि ७१ वेळा म्हण म्हटलं. झालं.

यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. ७१ ऐवजी चुकून ५०० लिहिलं तरी बिघडत नाही. शेवटच्या ओळीनंतर खाली उतरायला जागा नसते, ती हालचाल फसते, आणि एक हालचाल फसली की विम पुढचं सगळं रद्द करून जागच्या जागी थांबतो.

शनिवारची रात्र

माझी स्क्रिप्ट झकास चालली. चाळीस मिनिटांचं काम नेट बरं असलं तर बारा मिनिटांत. तेही मी बघत बसायची गरज नाही. पेनड्राइव्हवरून ती खालच्या मजल्यावर गेली, तिथून दुसऱ्या विंगमध्ये. लोक मला 'स्क्रिप्टवाला' म्हणू लागले. थोडी हवा डोक्यात गेलीच.

शनिवारी रात्री साडेअकराला दार वाजलं. दुसऱ्या वर्षातला एक मुलगा. चेहरा पांढराफटक. "दादा, तुमची स्क्रिप्ट चालवली. माझा प्रोजेक्ट गेला."

"गेला म्हणजे?"

"फोल्डर रिकामा आहे. सोमवारी सबमिशन आहे."

मी खाली धावलो. फोल्डर खरंच रिकामा होता. तीन आठवड्यांचं काम, नऊ प्रोग्रॅम, पिकांच्या पानांचे त्याने स्वतः गावी जाऊन काढलेले फोटो, अर्धा रिपोर्ट. गिटवर काही नाही. पार्टनरकडे दिवाळीआधीची कॉपी.

काय झालं होतं ते मला अर्ध्या तासाने कळलं, आणि कळल्यावर तिथंच मटकन बसलो. स्क्रिप्टच्या शेवटी मी साफसफाई करत होतो. आधी 'सीडी' करून डाउनलोडच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जायचं, आणि मग 'आरएम डॅश आरएफ स्टार', म्हणजे इथलं सगळं पुसून टाक. माझ्या मशीनवर शंभरदा चाललं होतं. त्याची डिस्क भरलेली होती. तात्पुरता फोल्डर तयारच झाला नाही. मग 'सीडी' फसली, स्क्रीनवर 'असा फोल्डर नाही' अशी एक ओळ आली आणि वर सरकून गेली. आणि स्क्रिप्ट? ती पुढच्या ओळीवर गेली. बॅश मुळात असाच आहे : एक आज्ञा फसली तर तो पुढची करतो. जिथे उभा होता तिथलं सगळं पुसलं. आणि तो उभा होता त्या पोराच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, कारण त्याने टर्मिनल तिथेच उघडलं होतं.

त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं. चूक माझी होती.

रात्रभर आम्ही दोघं बसलो. एक गोष्ट नशिबाने साथीला आली, ती तुम्हीही लिहून ठेवा. व्हीएस कोड २०२२ पासून तुम्ही सेव्ह केलेल्या फाइलच्या मागच्या प्रती स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्याला लोकल हिस्टरी म्हणतात. कमांड पॅलेट उघडून 'लोकल हिस्टरी, फाइंड एंट्री टु रिस्टोअर' शोधलं तर पुसलेल्या फाइलींची नावंही दिसतात. त्यातून नऊपैकी सहा प्रोग्रॅम परत मिळाले. उरलेले तीन आम्ही रविवारभर पुन्हा लिहिले. फोटो मात्र एडिटरमध्ये उघडलेले नव्हते. ते गेले ते गेले. त्याने सोमवारी मोबाइलमध्ये उरलेल्या चाळीसेक फोटोंवर प्रोजेक्ट दाखवला आणि अचूकता का कमी आली ते सरांना खरं सांगितलं. माझं नाव त्याने घेतलं नाही. ते मला जास्त लागलं.

बाबांचा माग

पुढच्या आठवड्यात घरी गेलो. डोक्यात तेच. कारखान्यात बाबांशेजारी स्टुलावर बसलो. मागांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून बाबा चहाला बाहेर घेऊन आले. मी सगळं सांगितलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं मला वाटत होतं.

बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या मशीनला बाणा तुटल्याचं कळत नाही?"

"म्हणजे?"

"अरे, धोट्यातली कांडी संपली, नाहीतर आडवा धागा तुटला, तर माग काय करतो?"

"थांबतो."

"का थांबतो?"

मला उत्तर येईना. वीस वर्षं त्या कारखान्यात ये-जा केली होती. बाबांनी आत नेऊन दाखवलं. धोटा जिथून जातो तिथे बाजूला एक छोटा काट्यासारखा भाग असतो. पुस्तकात त्याला वेफ्ट फोर्क म्हणतात. प्रत्येक फेरीला आडवा धागा त्या काट्याला टेकतो आणि काट्याला मागे ढकलतो. धागा नसला तर काटा जागचा हलत नाही, एका आकड्यात अडकतो, आणि तो आकडा मागाचा खटका पाडतो. ना वीज, ना सेन्सर. नुसतं लोखंड. पण प्रत्येक फेरीला ते एकच प्रश्न विचारतं : मागचं काम झालं का? नाही? मग पुढचं नाही.

"हे नसतं तर," बाबा म्हणाले, "माग चालूच राहिला असता. ताणा सरकत राहिला असता, कापड मात्र निघालं नसतं. वर मालक म्हणाला असता, मशीन तर चालू होतं! चालणारं मशीन काय, कुणीही बनवतं. वेळेवर थांबणारं बनवायला अक्कल लागते."

हे वाक्य मी पंख्याखाली झोपून रात्रभर चघळलं. परत येऊन शोधलं तर कळलं की जपानच्या साकिची टोयोडा यांनी अख्खी कारकीर्दच यावर उभी केली होती. धागा तुटला की आपोआप थांबणारा त्यांचा 'टाइप जी' माग १९२४ मध्ये आला. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या कंपनीने घेतले. पुढे त्याच घराण्यातून टोयोटा मोटारी निघाल्या, आणि 'बिघाड झाला की लाइन तिथल्या तिथे थांबवायची' हे तत्त्व त्यांनी मोटारींच्या कारखान्यात नेलं. आपल्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात 'जिदोका' म्हणून चार मार्कांना जे येतं ते हेच.

बाबांनी दुसरी गोष्ट सांगितली ती भारनियमनाची. २००५-०६ च्या सुमारास राज्यात तासन् तास वीज जायची. माग मध्येच थांबायचा. वीज आली की खटका टाकून लगेच सुरू करायचं नाही. आधी हाताने चाक फिरवून फेरी कुठे तुटली ते शोधायचं, डॉबीची साखळी बरोबर त्या पट्टीवर आणायची, मगच चालू. नाहीतर कापडात आडवा डाग उमटतो आणि ताका कमी भावाने जातो. हेही आपल्याकडे तसंच आहे. इन्स्टॉल चालू असताना बॅटरी संपली की पुढच्या वेळी एपीटी म्हणतं, 'डीपीकेजी मध्येच तुटलं, आधी डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए चालवा.' म्हणजे काय, तर तुटलेली फेरी आधी शोधा!

मागाला काटा कसा लावायचा

परत येऊन स्क्रिप्ट नव्याने लिहिली. काय काय बदललं ते क्रमाने सांगतो.

१. पहिल्याच ओळीत 'सेट डॅश ई, डॅश यू'. ई म्हणजे एखादी आज्ञा फसली की तिथेच थांब. यू म्हणजे ज्या व्हेरिएबलला किंमत दिलेली नाही ते वापरलं तर थांब. पाइपने जोडलेल्या आज्ञांसाठी 'पाइपफेल' वेगळं लावावं लागतं. 'ई' सगळीकडे पकडतं असं नाही, 'इफ'च्या अटीत ते गप्प बसतं. पण माझी चूक त्याने नक्की पकडली असती.

२. पुसायचं असेल तर 'इथलं सगळं' असं कधी म्हणू नका. 'एमकेटेम्प डॅश डी'ने स्वतःचा तात्पुरता फोल्डर बनवा, त्याचं पूर्ण नाव घेऊनच पुसा, आणि नाव अवतरणचिन्हात ठेवा. एका रिकाम्या जागेने काय होतं बघा : २०११ मध्ये बंबलबी नावाच्या लिनक्स प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका पत्त्याच्या मधोमध चुकून एक स्पेस पडली, आणि ती चालवणाऱ्यांच्या मशीनवरचा अख्खा 'यूएसआर' फोल्डर पुसला गेला. एक स्पेस!

३. दोनदा चालवली तरी बिघडता कामा नये. फोल्डर आधीच असेल तर ओरडू नये ('एमकेडिर डॅश पी'), सेटिंगची ओळ आधीच लिहिली असेल तर पुन्हा लिहू नये, आणि जुनी सेटिंग फाइल बदलण्याआधी तिची प्रत ठेवावी.

४. आधी तपास, मग काम. डिस्कवर जागा आहे का, नेट आहे का, उबुंटूची आवृत्ती कोणती. तीन प्रश्न, सहा ओळी. जागा नसेल तर सुरुवातच करू नये.

५. 'शेलचेक' चालवा. हा एक फुकट प्रोग्रॅम आहे, स्क्रिप्ट वाचून चुका दाखवतो. मी माझी जुनी स्क्रिप्ट त्याला दिली. त्याने नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं : 'सीडी फसली तर काय?' दोन सेकंदांत. मी आधी दिली असती तर!

६. न वाचता चालवू नका, माझीसुद्धा. गोदामातून आलेला माल चांगलाच असतो असं नाही. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभर प्रोजेक्ट बिल्ड होईनात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला म्हणून. मशीन चालत होतं. तरीही तो थांबला आणि बघितलं.

स्टाफसाठी एक विनंती. सर, हे वाचत असाल तर लॅबच्या एका जुन्या मशीनवर 'एपीटी-कॅशर-एनजी' बसवता येईल का? एकाने आणलेलं पॅकेज ते स्वतःकडे ठेवतं, पुढच्या साठ जणांना नेटवरून पुन्हा आणावं लागत नाही. म्हणजे आपलं भिवंडीचं गोदाम कॅम्पसमध्येच. तोवर हॉस्टेलवाल्यांनी 'पिप डाउनलोड'ने लायब्ररी पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि 'नो इंडेक्स' व 'फाइंड लिंक्स' हे पर्याय लावून तिथूनच इन्स्टॉल कराव्यात. मेससमोरचं वायफाय कुणाला पुरलंय?

असो. नवी स्क्रिप्ट आता चौदा लॅपटॉपवर चालली आहे. त्यातल्या तिघांवर ती मध्येच थांबली : एकाची डिस्क भरलेली, एकाचं नेट गेलेलं, एकाचं घड्याळ दोन वर्षं मागे. तिघंही कुरकुरत वर आले, "दादा, तुमची स्क्रिप्ट बंद पडली." मी म्हटलं, "बंद पडली नाही रे, थांबली."

तो दुसऱ्या वर्षातला मुलगा आता तिसऱ्यात आहे. या लेखाची पहिली प्रत मी त्यालाच वाचायला दिली. त्याने दोन चुका काढल्या आणि म्हणाला, "दादा, गिटवर टाका आधी."

टाकली आहे.